मावसाजींची फटफटी आणि न हलणारे दोन नट

गंजलेल्या नटाशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस साऱ्या सौंसर तहसिलीत दुसरा झाला नाही, होणारही नाही. आमचे मावसाजी, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, बायकोशी तिरसटपणे बोलत, तहसीलदाराशी तोऱ्यात बोलत, देवाशी तर हुकमतीनंच बोलत. पण फटफटीपुढं पाना घेऊन उकिडवे बसले की त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. "हाल ना बाप्पा जरासा. कोणी मारून नाही राहिलं तुले." नट काही हालत नसे. मग ते त्याच्यावर एरंडेलाचा एक थेंब सोडत, पाना पुसून फडक्यात गुंडाळत आणि आम्हालाच समजावत, "आज त्याचं मन नाही."

ही फटफटी दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली. लष्कराला जे नकोसं झालं ते मावसाजींना हमखास आवडायचं. तिचा आवाज असा की सुरू झाली की बाजारातले बैल दावं तोडत, आणि मावसाजी रामाकोन्याच्या आपल्या संत्र्याच्या बागेकडं निघाले की तिथला रखवालदार निवांत उठून, तोंड धुऊन, कामात असल्यासारखा दिसायला लागे. या आवाजाचं कौतुक असणारं माणूस जगात एकच होतं, ती त्यांची थोरली बहीण माई. ती नागपूरला महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहायची. दर भाऊबीजेला मावसाजी फटफटीवरून तिच्याकडं जात. गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली की माई पाट मांडायची, निरांजन लावायची आणि ताट घेऊन दारात यायची. आवाज ऐकल्याशिवाय ज्योत लावायची नाही, असा तिचा नेमच होता.

एका भाऊबीजेला मात्र मावसाजी दारात जाऊन उभे राहिले, तरी माई आत पाठमोरी वाती वळत बसलेली. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली. निरांजन लावलेलं नाही हे पाहून तिनं पदर डोळ्यांना लावला. "असा काहून आला रे चुपचाप? गाडी वाजली नाही का तुझी?"

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय ते समजून गेलो असतो. म्हातारीचे कान गेले होते. समोरचा किराणेवालाही तिच्याशी हातवारे करून बोलत होता. पण मावसाजी सौंसरला परतले ते निदान करूनच. "सायलेन्सरात काजळी धरली. आवाज आतच दबून राहिला. पुढच्या भाऊबीजेच्या आत खोलून साफ करतो." हे ते ओरडून सांगत होते, कारण गाडी चालूच होती. मी तोंड उघडणार तोच मावशीनं असे डोळे वटारले की मी गपगार.

तर सायलेन्सर खोलायचा, आणि त्यासाठी नळकांडं इंजिनाला जिथं चिकटतं तिथले दोन नट काढायचे. ते इतके गंजलेले की नट कुठं संपतो आणि इंजिन कुठं सुरू होतं ते सांगता येऊ नये. जोर लावला तर पेच आतच तुटायचा आणि गाडी बाद होईल, या भीतीनं मावसाजींचा सबुरीचा मार्ग. गावानं सल्ले द्यायला काय कमी केलं? वैद्यबुवांनी चुना आणि लिंबू सांगितलं. मोहगावच्या एका बागाईतदारानं शपथेवर सांगितलं, की आंबिया बहाराच्या संत्र्याचा रस लावा, पोलादसुद्धा सुटतं. लावला. गंज होता तसाच, वर मुंग्या लागल्या. लोहार म्हणाला, "मावसाजी, एक घण घालू द्या." त्याला त्यांनी खाटकाकडं पाहावं तसं पाहिलं.

त्याच वर्षी वरचे लोक राज्यांची फेरमांडणी करत बसले होते. मी नोकरीला होतो त्या कचेरीत काम असं नव्हतंच. सौंसर नागपूरसोबत राहणार की वेगळ्या राज्यात पडणार, यावर पैजा चालत. शेवटी दिवाळीतच निकाल लागला. नागपूर शेजारच्या राज्यात गेलं, आम्ही जुन्याच राज्यात राहिलो, आणि आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. बातमी ऐकून मावसाजींनी पाना खाली ठेवला. "एका दमात राजधानी उचलून नेली त्यायनं! अन् मी वर्षभर लागलो, माझा एक नट हालून नाही राहिला. लावलं काय असंन रे त्यायनं?"

मी म्हटलं, "मावसाजी, यंदा बसनं चला." तर उसळलेच. "बसनं? माई बसच्या आवाजावर निरांजन लावंन का? अन् आता तर तिले वाटंन, भाऊ परमुलखातला झाला, येत नाही." हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. आम्ही तो प्रथमच तसा ऐकला.

भाऊबीजेच्या सकाळी मावशी चटणी वाटत होती. अंगणात "हाल ना बाप्पा" चाललेलं. ती उठली, हातातला वरवंटा घेऊन आली, मावसाजींना बाजूला सारलं आणि नळकांड्यावर असा एक दणका दिला की दोन्ही नट पेचांसकट तुटून पडले. सायलेन्सर घरंगळत तुळशीपाशी गेला. "नळकांडं तारेनं बांधा अन् निघा," मावशी म्हणाली. "ओवाळायची वेळ टळून राहिली."

निघालो. मी मागं बसलो होतो. आवाज विचारू नका! उघड्या नळकांड्यातून जाळ निघायचा, मावसाजींचं धोतर दोनदा धुमसलं, नवी हद्द ओलांडल्यावर सावनेरच्या अलीकडं एका हवालदारानं काठी आडवी घातली. "कुठून आले? हा काय तमाशा?" मावसाजी म्हणाले, "बाप्पा, परवापर्यंत मी इथलाच होतो." बिचाऱ्यानं काठी बाजूला केली.

महालातल्या गल्लीत वळलो तर लोक कानांवर हात ठेवून दारात उभे. आणि टोकाच्या दारात माई! हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन, तोंडभर हसू. "आला माझा भाऊ! आता कशी पहिल्यासारखी वाजून राहिली!" मावसाजी माझ्याकडं वळून ऐटीत म्हणाले, "पाहिलं? काजळीच होती."

तशा आणखी तीन भाऊबीजा झाल्या. मग माई गेली. तेराव्यानंतर मी सहज गेलो, तर मावसाजी अंगणात सायलेन्सर परत बसवत होते. नवे पेच, नवे पितळी नट, भरपूर ग्रीस. मी विचारलं, "आता काहून?"

"आता कोणाले आयकू जायचं आहे, बापू?"

त्यांनी ग्रीसचं बोट फडक्याला पुसलं. मग खालीच पाहत म्हणाले, "मले समजत नव्हतं का रे? पण बहिणीले बहिरी म्हणण्यापरीस गाडीले खराब म्हटलेलं बरं."

नवे नट बोटांनी फिरत होते, पाना लागतच नव्हता. तरी मावसाजी त्यांच्याशी हळूहळू काहीतरी बोलत होते.