दुःखाचे मांजू

नागाउरा बंदरात इसोएच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर एक "पुन्हा या" पडायचं. गरम मांजू, म्हणजे पुरण भरून वाफवलेला गोळा, घेणाऱ्याच्या पडायचं, नुसता वास घेऊन जाणाऱ्याच्याही पडायचं. उंबऱ्यात ऊन खाऊन उठलेल्या मांजराला ती तसं म्हणाल्याचं लोक शपथेवर सांगत. पडायचं नाही ते एकाच गिऱ्हाइकाच्या: ज्याच्या घरी कोणी गेलंय आणि जो दुःखाचे मांजू सांगायला आलाय, त्याच्या. तसल्या कामाला कोणाला पुन्हा यायला लागू नये, एवढाच त्यातला अर्थ.

मोहेई न्हाव्याची आत्या गेली तेव्हा तो मांजू सांगून दारापर्यंत गेला आणि घुटमळला.

"इसोएबाई, माझं काही चुकलं का? रोज म्हणता, आज नाही म्हणालात."

आतून इसोएची सासू, त्सुनेबाई, ओरडली, "घरात अजून कोणाला पाठवायचंय ते सांग मोहेई, म्हणजे म्हणते ती."

मोहेईच्या घरात आता तो आणि बायको, दोघंच. "नको, नको," म्हणत तो रस्त्यावर गेला, आणि चार पावलांवरून परत येऊन म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो."

हा नियम इसोएला आयता मिळाला नव्हता. ती डोंगरातल्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा समुद्र बघून तिनं विचारलं होतं म्हणे, "हे एवढं पाणी रात्री कुठं जातं?" नवी नवी असताना एका तांडेलाच्या वारलेल्या म्हातारीसाठी मांजू न्यायला आलेल्या मुलाला ती सवयीनं बोलून गेली, "पुन्हा या." त्सुनेबाईंनी पुरणातली पळी काढून तिच्या दंडावर मारली. महिना सरायच्या आत त्याच घरातून त्याच कामासाठी माणूस आला. या वेळी तांडेल स्वतः गेला होता. म्हातारा तसाही खाटेला खिळलेलाच होता, पण इसोएला ते कोण समजावणार? दंडावरचा डाग गेला, तोंडाला लागलेलं कुलूप राहिलं.

आता दुःखाच्या मांजूविषयी, जे देवळात क्रियेला आलेल्यांना वाटतात. पुरण तेच, चवळीसारख्या लाल दाण्याचं, पहिलं उकळतं पाणी ओतून टाकून मग शिजवलेलं आणि चाळणीवरून घासून काढलेलं. पारीही तीच. बांबूच्या करंडीत वाफवून काढला की सणाचा मांजू तसाच चकचकीत ठेवायचा. दुःखाचा मांजू मात्र सोलायचा. वरचा पातळ पापुद्रा, तो गरम आहे तोवरच, बोटं गार पाण्यात बुडवून एका ओढीत काढायचा. गार झाला की पापुद्रा फाटतो आणि मांजूला खरूज झाल्यासारखं दिसतं. नीट सोलला तर धुक्यातल्या चंद्रासारखा दिसतो. "दुःखात चकाकी कशाला?" असं त्सुनेबाई म्हणत. त्याहून जास्त कारण आमच्या गावात कोणी विचारलेलं नाही.

सोलायचं काम इसोएचा नवरा तोकुजिरो करायचा. त्याची बोटं लाकडाची होती. वाफेत हात घालून तो भराभरा पापुद्रे ओढायचा आणि प्रत्येक पापुद्रा, त्याला चिकटून आलेल्या पुरणासकट, गुंडाळी करून तोंडात टाकायचा. डोळे मिटून चावायचा. "लोक मांजू खातात," तो म्हणायचा, "आणि त्यातली खरी गोष्ट आपल्यालाच मिळते." त्याला घासलेलं मऊ पुरण आवडायचं नाही. दाताखाली दाणा आला पाहिजे. घरासाठी इसोए बाजूला थोडं भरड पुरण ठेवायची, आणि त्सुनेबाई लेकाला म्हणायच्या, "दात आहेत म्हणून माज आहे. माझ्या वयाचा हो, मग सांग."

तो त्यांच्या वयाचा झाला नाही.

लढाईनंतर साखर पुन्हा मोकळी मिळू लागली, त्या सालचा शरद. समोरच्या बेटावर एकाच्या घरी दुःख होतं. तोकुजिरोनं पहाटे मांजू सोलले, लाकडी डब्यांत भरले, डबे खांद्यावर घेतले आणि मागच्या दारातून धक्क्याकडे निघाला. निघताना नेहमीसारखं ओरडला, "जाऊन येतो!"

यावर आमच्याकडे घरातून "जाऊन या" असं उत्तर जातं. ते न देता कोणी कोणाला घराबाहेर सोडत नाही. भांडणातसुद्धा भांडण थांबवून तेवढं म्हणतात आणि मग पुढं भांडतात. पण तोकुजिरोच्या खांद्यावर दुःखाचे डबे होते. त्या डब्यांना "या" म्हणायचं? इसोएच्या दंडावरची जुनी पळी ठणकली. ती पिठाचे हात तसेच धरून गप्प उभी राहिली. नुसती मान हलवली. त्याची पाठ होती, त्याला ती दिसायची कशी?

"काय गं, बहिरी झालीस? जाऊन येतो म्हटलं!"

ती गप्पच.

तो हसला आणि गेला. दुपारी वारा फिरला. डबे दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले, झाकणं घट्ट बसलेली, एकही मांजू ओला नाही. होडी मिळाली नाही, तोही नाही.

देहच मिळाला नाही म्हटल्यावर त्सुनेबाईंनीच ठरवलं की तो गेला असं म्हणायचं नाही. परगावी गेलेल्या माणसाचं पान घरात रोज वाढतात, तसं त्या वाढू लागल्या. झाकणाच्या वाडग्यात एक गरम मांजू. थोड्या वेळानं झाकण उचलायचं. आतून थेंब दिसले तर माणूस जिथं असेल तिथं सुखरूप. थेंब रोज दिसत.

"गरम मांजू झाकला तर झाकणाला घाम येणारच," मोहेई एकदा बोलला. त्या दिवशी त्याला मांजू मिळाला नाही, आणि "पुन्हा या" तर नाहीच.

इसोएनं मात्र एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

ज्या पहाटे दुकानात दुःखाचे मांजू व्हायचे, त्या पहाटे करंडी उतरली आणि वाफ घरभर झाली की मागच्या दारातून हाक यायची. "जाऊन येतो!" लांबून नाही, वाऱ्यात मिसळलेली नाही. दारातून. भिजलेल्या दोरखंडाचा वास यायचा. मग थोडं थांबून, हसत, "काय गं, बहिरी झालीस?"

पहिल्यांदा तिच्या हातातली करंडी पडली. दुसऱ्यांदा तिनं धरून ठेवली. पुढं पुढं तर गावात कोणी आजारी पडलं की भीतीबरोबर ती आणखी कशाची तरी वाटही बघू लागायची, आणि त्याची तिला लाज वाटायची. त्या घरी दुःख झालं, की हाक येणार. ती वळून बघायची नाही. उत्तर द्यायची नाही. निरोप मिळाल्याशिवाय माणूस घरातून जातो कसा? ती गप्प आहे तोवर तो दारातच आहे, खांद्यावर डबे घेऊन उभा. भरल्या खांद्यानं माणूस किती वर्षं उभा राहू शकतो, हा विचार ती पापुद्र्याबरोबर ओढून बाजूला टाकायची. तिची बोटं लाकडाची नव्हती. पोळून पोळून होत चालली होती.

अशी बरीच वर्षं गेली. त्सुनेबाई वाकल्या, दात गेले, घासलेलं पुरणही त्या चहात कालवून खाऊ लागल्या.

एका दुपारी इसोए दुकानात एकटीच होती. रस्त्यावरच्या दारातून एक म्हातारी आत आली. काळा, घराण्याचं चिन्ह असलेला किमोनो, केस चापून बसवलेले. उजेड तिच्या पाठीमागं होता. इसोए सवयीनं वाकली, "या, या," आणि वर बघते तो सासूबाई.

"हे काय, सासूबाई? मागच्या दारानं जाऊन गल्लीला वळसा घातलात? पाय मोडायचाय का?"

"मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाला असं बोलतात?"

इसोएला हसू आलं. "बरं. काय देऊ, आजीबाई?"

"दुःखाचे मांजू सांगायला आलेय."

"कोण गेलं?" हसू अजून तिच्या ओठांवरच होतं.

"तोकुजिरो. माझा मुलगा."

इसोएनं फळीवरचं फडकं उचललं आणि ती स्वच्छ फळी पुसू लागली. दुकानाचा दुसरा नियम असा की दुःखाचं काम नाकारायचं नाही. हात मोडला असला तरी नाही, वैऱ्याचं असलं तरी नाही. हाही त्सुनेबाईंनीच शिकवलेला. म्हातारीनं मुद्दाम पुढच्या दारानं येऊन तिला नियमात पकडलं होतं.

"सकाळी तर थेंब होते झाकणाला," इसोए म्हणाली.

"मोहेईला अक्कल कमी, पण तेवढं त्याचं खरं होतं."

"पान तुम्हीच मांडलंत. तुम्ही मांडलंत, सासूबाई! आणि आता तुम्हीच..."

"तेव्हा मला जायचं नव्हतं. आता निघायची वेळ झाली." त्सुनेबाई पायरीवर टेकल्या. गिऱ्हाइकीचं सोंग संपलं, त्या धापा टाकत होत्या. "मी तिकडं गेले आणि तो तिकडं नसला तर? तो इथं तुझ्या दारात उभा आणि मी तिकडं प्रत्येकाला विचारत फिरतेय, माझ्या तोकुला पाहिलं का कोणी? चुकामूक होईल गं आमची."

इसोएच्या हातातलं फडकं थांबलं. "माझ्या दारात... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला दात नाहीत. कान आहेत."

"तुम्हाला ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण हाक मला नसते ना, सूनबाई. मी कशी ओ देऊ?"

इसोएनं फडकं घडी करून फळीवर ठेवलं. रस्त्यावरून मोहेई गेला, त्यानं आत डोकावलं, काळा किमोनो पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता पुढं गेला.

"उद्या होतील," इसोए म्हणाली. त्सुनेबाई उठल्या, वाकल्या आणि पुढच्या दारानंच बाहेर पडल्या. इसोए काही म्हणाली नाही. नियमच होता.

पहाटे तिनं दाणे शिजवले आणि चाळणी खाली घेतलीच नाही. त्सुनेबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"भरड? देवळात लोकांना दाताखाली दाणे येतील."

"येऊ देत."

"मला चावणार नाही."

"तुमच्या वाटचं मी चावून देते."

"मेली," त्सुनेबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसावेत तसे बाहीनं पुसले. धूर तर मुळीच नव्हता.

करंडी उतरली. वाफ वर गेली, खाली आली, खोली पांढरी झाली. इसोएनं बोटं गार पाण्यात बुडवली आणि पहिला पापुद्रा ओढला. एका ओढीत आला. तो तिनं वाडग्यात ठेवला, दुसरा ठेवला, वाडगं भरल्यावर झाकण घातलं. त्याच्या पानात आज मांजू नव्हता, त्याला हवी ती खरी गोष्ट होती. मग दोरखंडाचा वास आला.

"जाऊन येतो!"

त्सुनेबाईंचे चुलीपुढचे हात थबकले. त्यांनी दाराकडं पाहिलं नाही, सुनेकडं पाहिलं. इसोए मांजूंनी भरलेल्या डब्यापाशी उभी होती, पिठाचे हात तसेच धरून. आता बोललं की संपलं. आता गप्प राहिलं की तो राहील, पुढच्या कोणाच्या तरी दुःखापर्यंत, डबे खांद्यावर घेऊन.

"काय गं, बहिरी झालीस?" आवाज हसला. हसण्यामागं एक दमलेपण होतं. ते आधीपासून होतं की तिनं आज ऐकलं, तिला कळलं नाही.

"नाही हो," इसोए म्हणाली. गळा साफ करून तिनं दाराकडं तोंड केलं. वाफेत काही दिसत नव्हतं. "ऐकलं मी. तेव्हाच ऐकलं होतं. या. जाऊन या."

धक्क्याकडं जाणाऱ्या पायवाटेवर गोटे वाजले, एकामागून एक, ओझं घेतलेल्या माणसाच्या चालीनं. मग वाजायचे थांबले.

चुलीतलं लाकूड मागं ओढून त्सुनेबाई म्हणाल्या, "दुःखाच्या कामाला 'या' म्हणालीस. नियम मोडलास."

"मोडला."

"मग आता या घरातून पुन्हा माणूस येणार, याच कामाला."

इसोए चमकून वळली. तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. "सासूबाई..."

"घाबरतेस काय? मी तयारच आहे. पण माझे घासलेल्या पुरणाचे कर. मेल्यावर तरी त्रास नको."

इसोए तशीच ओल्या हातांनी वाडग्यापाशी बसली. पापुद्रे करंडीतून काढले तेव्हा हात पोळत होता, वाडगं अजूनही धरवत नव्हतं. तिनं झाकण उचलून उलटं केलं.

आत एकही थेंब नव्हता. तिनं बोट फिरवून पाहिलं. झाकण उन्हात वाळवल्यासारखं कोरडं होतं.

त्सुनेबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं, बघितलं, बाजूला ठेवलं. मग वाडग्यातला एक पापुद्रा उचलून, गुंडाळी करून तोंडात टाकला आणि हिरड्यांनी चावू लागल्या. खूप वेळ चावत होत्या.

"गोड आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि आम्हाला कधी एक दिला नाही मेल्यानं."

त्सुनेबाई हिवाळा संपता संपता गेल्या. मांजू घासलेल्या पुरणाचे झाले. त्या पहाटे इसोएनं करंडी उतरवली, वाफेत उभी राहिली आणि कान दिला. मागच्या दारात कोणी नव्हतं. डबे देवळात न्यायला मोहेई आला होता. खांद्यावर घेऊन तो दारापर्यंत गेला आणि घाबरत घाबरत, हळूच म्हणाला, "जाऊन येतो हं, इसोएबाई."

"जाऊन या," ती म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मोहेई धक्क्याच्या वळणावर दिसेनासा झाला, तरी ती दारातच उभी होती.