बंद शाळेतली पेटी

मी सॉफ्टवेअरचा माणूस. अंगात येणं, चकवा लागणं... असलं काही ऐकलं की हसायचो. आता हसत नाही, एवढंच.

राहायला जुन्नरला. तळेघरकडच्या वाड्यांवर मोबाईलला रेंज नसते, म्हणून तिथल्या आरोग्य उपकेंद्रांत आणि घोडेगावच्या दवाखान्यात आम्ही रेडिओच्या पेट्या बसवल्या. त्यांना एकमेकींशी बोलायला लावणारं मिडलवेअर माझं. त्यात सगळ्या पेट्यांचा एक नकाशा असतो — आम्ही त्याला मॉडेल म्हणतो. एखादी पेटी बंद पडली की चालू कामातच नकाशा बदलतो, निरोप दुसऱ्या वाटेनं जातो. पण नकाशात नसलेली पेटी त्याला सापडूच शकत नाही.

गेल्या वर्षी भातलावणीला सासरवाडीला, त्याच वाड्यांपैकी एकीवर, गेलो होतो. दुपारी बांधावर माझ्या बायकोला, सुनीताला, फुरसं चावलं. मेहुण्यानं आणि मी तिला उचलून उपकेंद्रात आणलं. पाय सुजत चाललेला... हिरड्यांतून रक्त.

"भाऊ, लस इथं नाय," सिस्टर म्हणाल्या. "घोडेगावची गाडीच बोलवावी लागंल."

पेटीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं — वाट नाही. पुन्हा दाबलं. वाट नाही. वाऱ्यापावसात मधली पेटी बंद पडली होती, आणि दुसरी वाट नकाशात नव्हतीच. काम माझं, आणि बायकोही माझीच... मी त्या पेटीला धरून लहान पोरासारखा रडलो.

"दाजी, मी पळत जातो खाली," म्हणत मेहुणा पावसात निघाला.

सुनीता डोळे मिटायला लागली होती. मी बटण दाबतच होतो. आणि पडदा बदलला. नवी वाट — टेकडीवरची शाळा. निरोप पोचला.

ती शाळा दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. तिथली पेटी मीच काढली, नकाशातलं नावही मीच पुसलं. पेटी जुन्नरला माझ्या कपाटात होती — खोललेली, बॅटरीशिवाय.

तासाभरात गाडी आली.

"मेहुणा भेटला का?" मी विचारलं.

"कोण मेहुणा? आमाला मशीनवर निरोप आला राव," ड्रायव्हर म्हणाला. मेहुणा अजून पायवाटेवरच होता.

सुनीता वाचली. घरी येऊन कपाट उघडलं. पेटी तशीच, धूळसुद्धा हललेली नाही. नकाशाच्या जुन्या प्रती तपासल्या; ते नाव कुणी परत घातल्याची नोंद नाही. शाळेतही जाऊन आलो. कुलूप गंजलेलं, आत चिटपाखरू नाही.

"मग तिथं कोण व्हतं?" सुनीता अजून विचारते.

नकाशात ते नाव आजही दिसतं — चालू. सहकारी म्हणतात, चूक आहे, पुसून टाक. दोनदा पुसायला बसलो... हात धजत नाही.