डाव्या चाकाचा कल

लोक मला आजबी इचारत्यात, "लालासाब, रहिमान मिस्त्रीनं काम का सोडलं?" डोळं गेलं म्हनून, असं मी सांगतो. साफ खोटं हाय त्ये. डोळं गेल्यावरबी मिस्त्री वरीसभर काम करत हुता. त्येचं काम सुटलं त्ये माज्यामुळं. आता सांगूनच टाकतो, किती दिस पोटात ठिवायचं!

मी कोरेगावचा. पलटनीत पंधरा वर्सं ट्रका चालवल्या आन् दुरुस्त केल्या. पेन्शन घेऊन घरी आलो तर उसाच्या रानात मन रमंना, म्हनून सांगलीला मिस्त्रीच्या ग्यारेजात लागलो. डोस्कं माजं पयल्यापासनंच गरम. गिऱ्हाईक जरा वाकडं बोललं की मी पाना घेऊन उठायचो आन् मिस्त्री नुसता म्हनायचा, "लालासाब, च्या पी." त्यो माज्यापरास दहा वर्सांनी मोटा, पन त्येचा आवाज चढलेला मी कवा ऐकला न्हाई.

त्येचं नाव झालं हुतं त्ये एकाच कामात. गाडीची म्होरची चाकं किती उभी आन् किती कललेली ठिवायची, त्ये त्यो बसवून द्यायचा. कँबर म्हनत्यात त्येला. कल चुकला की गाडी एका अंगाला वडती आन् टायर एकाच कडेनं झिजतं. हत्यार काय, तर एक वळंबा, म्हंजी दोऱ्याला बांधलेलं वजन, आन् एक पोलादी पट्टी. चाकाच्या वरनं वळंबा सोडायचा, दोऱ्यापासनं रिमची वरची कड किती लांब आन् खालची किती, त्ये मोजायचं. कल कमी-जास्त करायला आतल्या दांडीच्या बुडाला पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या नायतर काढायच्या. मोजताना डायवरच्या शीटवर गुळाच्या दोन ढेपा ठिवायच्या. दोन ढेपा म्हंजी एक मानूस. "रिकाम्या गाडीत कोन फिरतंय रं?" असं म्हनायचा. दोऱ्याला दुसऱ्या कुनी डोळा लावल्याला मात्र त्येला अजिबात खपायचा न्हाई.

शहात्तरच्या सुरवातीला त्यो पट्टी नाकाजवळ न्यायला लागला. मग पाना हुडकताना हात चाचपडायला लागला. डोळ्याच्या डाक्टरनं सांगितलं, मागचा पडदाच गेलाय, आता काय इलाज न्हाई. मिस्त्रीनं ह्ये ग्यारेजाभाईर कुनालाच सांगितलं न्हाई. त्येची बायकू मेहरुनबी येक दिस डबा घेऊन आली आन् मला बाजूला घेऊन म्हनाली, "भाऊ, त्यांचं काम बंद पडू देऊ नका. हात थांबला तर ह्ये मानूस बसल्या जागी संपंल." बाईच्या डोळ्यांत पानी. "वैनी, मी हाय न्हवं," म्हनलो.

आन् तितंच माजं चुकलं बगा.

मिस्त्री सांजच्याला मगरिबच्या नमाजाला गेला की मी दाराच्या फळ्या वडून घ्यायचो आन् त्येनं बसवलेली चाकं परत मोजायचो. पयलीच एका डाक्टरची फियाट. डावं चाक वरनं सूतभर, म्हंजी इंचाचा आठवा हिस्सा, भाईर. दुसरी एका हळदीच्या व्यापाऱ्याची अँब्याशिटर, तीबी चुकलेली. मी गुपचूप चकत्या बदलायचो आन् घरी जायचो. सकाळी मी गाडी चालवायचो, मिस्त्री शेजारी बसायचा, डोळं मिटून विश्रामबागेपतुर जाऊन यायचा आन् उतरला की मांडीवर थाप मारायचा. "डोळं गेलं तर जाऊ देत, लालासाब! हात हाय अजून!" त्येचा चेहरा असा फुलायचा की मला वाटायचं, लय पुन्याचं काम करतोय आपन. अशा वरीसभरात सतरा गाड्या झाल्या.

मग अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत नाथाजी आला. विश्रामबागेतलं बागायतदाराचं पोरगं, हौसेला तोटा न्हाई. त्येची हेरल्ड मोटार छप्पर उतरवलेली, स्प्रिंगा कापून चार बोटं खाली बसवलेली. साताऱ्याला यवतेश्वराच्या घाटात मोटारींची शर्यत हुती. एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडायची. नाथाजी म्हनाला, "मिस्त्री, वळनावर गाडी रस्ता सोडाय न्हाई पायजे. चाकं कशी ठिवायची त्ये तुमी ठरवा."

मिस्त्री असा खुलला, जनू लगीन ठरलंय. दोन दिस म्हनं साताऱ्याला पोरीकडं जाऊन येतो. ताहेरा, त्येची लेक, साताऱ्यात दिलेली. परत आला तर पायाला फोड. मी काय इचारलं न्हाई. आल्या आल्या हेरल्डखाली शिरला, दिवस मावळंपतुर भाईर आला न्हाई, आन् मग हात पुसून नमाजाला गेला.

मी वळंबा लावला. आत कललेलं चाक वळनावर रस्ता धरून ऱ्हातं, त्ये मलाबी ठावं हुतं. उजवं चाक वरनं दोन सूत आत, बरूबर. डावं चाक मोजलं तर तीन सूत! आयला, म्हनलं, म्हातारा चुकला. इचारावं तर कसं इचारू? इचारलं की मी मोजतो ह्ये कळनार. डाव्या चाकाची चकती काढली, दोन्ही चाकं सारकी केली आन् घरी गेलो. झोपबी छान लागली, काय सांगू!

सकाळी नाथाजी गाडी चालवाय, मिस्त्री त्येच्या शेजारी आन् मी मागं आकसून बसलेलो. मिस्त्री म्हनाला, "म्होरच्या उजव्या वळनाला जोरात घे." नाथाजीनं घेतली. मिस्त्रीनं मिटलेलं डोळं उगडलं.

"थांबव."

खाली उतरला, वळंबा मागितला आन् डाव्या चाकाम्होरं रस्त्यातच उकिडवा बसला. पट्टी मागितली न्हाई. दोरा आन् रिमच्या मदी बोटं घातली, वर एकदा, खाली एकदा. मी बगतच ऱ्हायलो. ह्यो मानूस बोटांनी मोजायला शिकला हुता, आन् मला पत्ताच न्हाई!

"एक सूत कमी हाय. कुनी हात लावला?"

नाथाजी म्हनाला, "मी न्हाई बा."

खोटं बोलता आलं असतं. पन त्येचा त्यो चेहरा बगून जीभच रेटंना. म्हनलो, "म्या लावला, मिस्त्री. मला वाटलं, तुमी चुकला."

"चुकलो न्हाई," त्यो हळूच म्हनाला. "ताहेराचा हात धरून सगळा घाट चढलोय मी. उजवीकडची वळनं लय आवळ हायत. गाडीचा भार डाव्या चाकावर पडनार, म्हनून त्येला एक सूत जास्त दिलं." मग म्हनाला, "आदीच्याबी?"

"काय आदीच्या?"

"डाक्टरची फियाट?"

मी मान हलवली. मग ध्यानात आलं, त्येला दिसत न्हाई. "व्हय," म्हनलो.

"हळदवाल्याची?"

"व्हय."

एकेक गाडीचं नाव घेत गेला आन् दर नावाला मी 'व्हय' म्हनत गेलो. सतरा. पलटनीत गोळीबार ऐकलाय म्या, पन त्या रस्त्यावर हुबं ऱ्हायला जेवडी ताकद लागली तेवडी कवा लागली न्हाई. मिस्त्री रागवला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यो नुसता दोरा गुंडाळत बसला. ग्यारेजात आल्यावर वळंबा माज्या हातात दिला आन् म्हनाला, "तूच लाव आता. तुला येतंय."

मी त्येचंच माप लावलं. उजवं दोन सूत, डावं तीन. नाथाजी साक्षीला हुबा हुता. शर्यतीला मिस्त्री आला न्हाई. नाथाजीची गाडी वर गेली ती अशी रस्ता धरून, की शर्यतीला पुन्यासनं आलेली पोरं वाकून वाकून चाकं बगाय लागली. पयला नंबर आला. म्या तितंच घाटात लहान पोरासारका रडलो.

कप घेऊन आमी दोगं थेट मिस्त्रीच्या घरी गेलो. त्येनं कपावरनं बोटं फिरवली. "लालासाब, चाकं कशी लावली हुती?"

"तुमी सांगितली तशीच! आईच्यान खरं!"

नाथाजीबी म्हनाला, "खरं हाय मिस्त्री, माज्या डोळ्यांम्होरं लावली." मिस्त्री हसला. राग न्हवता त्यात, त्येचंच वाईट वाटतंय. माज्या खांद्यावर हात ठिवून म्हनाला, "व्हय रं. माजं मन राकाय तुमी दोगं काय कमी हाय का? सतरा गाड्यांत राकलंस, आता ही अठरावी." आन् मेहरुनबीला म्हनाला, "कप लालासाबला दे. त्येचा हाय त्यो."

लय भांडलो, शपता घातल्या, ताहेराकडनं सांगून बगितलं. एकदाबी पटलं न्हाई त्येला. वळंबा त्येनं परत हातात घेतला न्हाई, आन् वरीस भरायच्या आत गेला. तवर रोज दुपारी ग्यारेजाच्या दारात येऊन बसायचा. गिऱ्हाईक आलं की माज्याकडं बोट करून कौतुकानं सांगायचा, "यवतेश्वरचा घाट मारलेली चाकं ह्येनं लावल्यात. ह्येचा हात बगा कसा हाय." आन् मी गाडीखाली पडून सगळं ऐकत ऱ्हायचो.