नाव घेतलं ते तिचं

ऑफिसात तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत साहेबांचं ऑफिस, आणि जिना चढून आलं की पहिलं टेबल तिचं. त्या टेबलावर अठरा वर्षं काढली होती तिनं. साहेब सभेला निघाले की तिनं लिहिलेलं कार्ड त्यांच्या खिशात जायचं. पुढच्या रांगेत कोण बसणार, कोणाचं ऑपरेशन झालंय, कोणाची मुलगी पहिली आली, कोणासमोर कोणाचा विषय काढायचा नाही, हे सगळं तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर. साहेब चारचौघांत चष्मा लावत नसत, म्हणून अक्षर चांगलं ठसठशीत. शिवाय प्रत्येक कार्डाची नक्कल ती आपल्या वहीत तारखेसकट उतरवून ठेवायची.

कार्ड खिशात असूनही साहेबांची जीभ घसरायची ती घसरायचीच. एकदा त्यांनी बंद पडून वर्ष झालेल्या कारखान्याच्या भरभराटीचं कौतुक केलं, तेही तिथल्याच कामगारांसमोर. असं काही झालं की साहेब हात जोडत आणि गोड हसून म्हणत, "आमच्या ऑफिसातल्या बाईंनी घोळ घातला बघा." लोक हसत आणि सोडून देत. दुसऱ्या दिवशी भाजीवाली तिला विचारायची, काय बाई, परत घोळ का? तिला त्याचं वाईट वाटत नसे. तिचा नवरा शिंपी होता, तो मात्र चिडायचा. तुझ्या साहेबांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी ते तुझ्याच माथी मारतील, म्हणायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, की माणूस घरच्याच माणसावर ढकलतो, परक्यावर कोणी ढकलतं का?

निवडणुकीला तीन महिने राहिले आणि ऑफिसात टॅबवाली आली. तिशीची मुलगी, बोलायला मऊ, हातात सदा तो टॅब. साहेबांच्या खोलीतच तिची खुर्ची लागली. साहेब तिला अहोजाहो करत. चिठ्ठीबाईला अठरा वर्षं 'अगं बाई' म्हणणारा माणूस या पोरीला विचारत होता, "तुम्हाला काय वाटतं?" दार लोटलं जायचं, आत दोन चहा जायचे आणि मग हसण्याचा आवाज यायचा. बाहेर चिठ्ठीबाईचं पेन कागदावर थांबून राहायचं. एका सोमवारी ती आली तर तिचं टेबल पाण्याच्या फिल्टरशेजारी सरकवलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला टॅबवाली आधी दिसावी, असं ठरलं होतं म्हणे.

तिच्या पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध खालच्या दुकानात नव्हतं. ती टॅबवालीचा कप विसळायची नाही. टॅबवालीसाठी फोन आला तर पोरगी जागेवर असूनही नाही म्हणून सांगायची. एकदा तर तिनं टॅबवालीसारखा उंच अंबाडा घालून पाहिला. नवऱ्यानं विचारलं, मान धरलीय का?

मग निवृत्त शिक्षकांची सभा आली. तिथल्या हेडसरांचा धाकटा भाऊ आठवड्यापूर्वी वारला होता. चिठ्ठीबाईनं कार्डावर लिहिलं, 'हेडसरांचे बंधू वारले. दोन शब्द बोला.' साहेबांनी गाडीत बसता बसता कार्डावर नजर टाकली. टॅबवाली म्हणाली, कागद हातात दिसला तर लोकांना परकं वाटतं, आणि तिनं ते काढून घेतलं. साहेब व्यासपीठावर चढले आणि भरल्या गळ्यानं कैलासवासी हेडसरांना श्रद्धांजली वाहिली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. तिसऱ्या रांगेतले हेडसरही इतरांबरोबर मान खाली घालून उभे राहिले, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. शेजाऱ्यानं कोपर मारून सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी अजून आहे हो." कोणीतरी ते फोनवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी वार्ताहर ऑफिसात आले. चिठ्ठीबाईनं पदर नीट केला. आता आपली पाळी, हे तिला ठाऊक होतं आणि ती तयार होती. साहेबांनी हात जोडले, गोड हसले आणि टॅबवालीचं नाव घेतलं. आडनावासकट. ती नवीन आहे, तिनं चुकीची माहिती दिली, असं म्हणाले.

चिठ्ठीबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते भलतंच. अठरा वर्षांत इतके घोळ झाले, पण साहेबांच्या तोंडून तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. 'ऑफिसातल्या बाई', बस. आणि ही काल आलेली, हिचं नाव उद्या पेपरात!

वार्ताहर गेल्यावर टॅबवाली तिच्या टेबलाशी आली. "ताई, त्या कार्डाची नक्कल तुमच्या वहीत असेल ना?"

वही चिठ्ठीबाईच्या कोपराखालीच होती. "त्या दिवशीची राहिली वाटतं," ती म्हणाली.

टॅबवालीनं कोपराकडे पाहिलं आणि ती गेली. शनिवारी तिला कामावरून काढलं.

टेबल पुन्हा जिन्याच्या तोंडाशी आलं, कार्डंही पुन्हा खिशात जाऊ लागली. पण पोटातलं काही शमेना. साहेब प्रत्येक सभेत टॅबवालीचंच नाव घेत होते. भाजीवालीसुद्धा त्या बिचाऱ्या पोरीबद्दल हळहळत होती. शेवटी एका दुपारी चिठ्ठीबाई नवऱ्याच्या दुकानात जाऊन त्याच्यापाशी सगळं बोलली. त्यानं कात्री खाली ठेवली.

"म्हणजे साहेबांनी तुला बोल लावला नाही म्हणून रडतेस?"

"रडत नाहीये."

"मग जळतेस."

"हो," ती म्हणाली.

वहीत नक्कल आहे का, एवढंच त्यानं विचारलं. आहे म्हटल्यावर पुन्हा खडूनं कापडावर रेघ मारू लागला. ते गप्प राहणं तिला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वहीतलं ते पान पट्टी लावून फाडलं आणि टॅबवालीचं घर गाठलं. दार आईनं उघडलं. "त्या वहीवाल्या का?" तिनं विचारलं आणि आत वळली. बसा काही म्हणाली नाही.

टॅबवालीनं पान वाचलं. "कार्ड साहेबांच्या हातातून मी काढून घेतलं. तेवढी चूक माझी. बाकीची नाही."

"मला तुझा हेवा वाटला गं."

"कळत होतं. तुमचं टेबल हलवायला मी सांगितलं नव्हतं, एवढं मात्र ऐकून ठेवा." मग तिनं ते पान मागितलं. ते दिलं तर साहेब उघडे पडतील हे चिठ्ठीबाईला कळत होतं. तरी तिनं दिलं.

टॅबवाली ते घेऊन वार्ताहरांकडे गेली नाही, हेडसरांकडे गेली. हेडसरांनी साहेबांना फोन केला. काय बोलले कोण जाणे, पण साहेबांनी चिठ्ठीबाईला आत बोलावलं आणि आठ माणसांसमोर, नाव-आडनाव घेऊन, घरभेदी म्हटलं. आपलं नाव इतकं लांबलचक आहे हे ती जणू पहिल्यांदाच ऐकत होती. मान ताठ ठेवून तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "साहेब, कार्ड बरोबर होतं. तुम्ही वाचलं नाही."

तिनं पेन आणि वही उचलली आणि जिना उतरली.

साहेब निवडून आले, थोडक्यात. चिठ्ठीबाई आता नवऱ्याच्या दुकानात बसते, मापं घेते, काजं करते. टॅबवाली दुसऱ्या शहरात दुसऱ्या उमेदवाराचं काम बघते आणि अधूनमधून टीव्हीवर त्याच्या मागे उभी दिसते. परवा दुकानातल्या टीव्हीवर ती दिसली तेव्हा शिंप्यानं घाईघाईनं रिमोट उचलला. राहू दे, चिठ्ठीबाई म्हणाली, आणि तिनं बातमी शेवटपर्यंत पाहिली. तो उमेदवार मागे वळून काहीतरी विचारत होता आणि टॅबवाली त्याच्या कानात सांगत होती.

"हिरवा रंग काही शोभत नाही तिला," चिठ्ठीबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा तीनदा चुकला.