पडद्यामागची खाट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. देवापुढेही नाही — तिथे तरी कशाला? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या घरी चहाला येणार नाही.

माझ्या छातीत दुखत नव्हतं.

पहिल्यांदा दुखलं, ते खरं. पित्त होतं. ह्यांनी घाबरून रिक्षा केली, नारायण पेठेतून जवळच्याच हॉस्पिटलात नेलं, आणि कॅज्युअल्टीच्या दाराशी सिस्टरनं ह्यांना अडवलं — नातेवाईक बाहेर. मग तिनं पडदा ओढला, अंगावर चादर टाकली आणि म्हणाली, "काकू, आता हलायचं नाही. नुसतं पडून राहायचं." अहो, लग्न झाल्यापासून मला असं कुणी सांगितलं होतं का?

तुम्हाला वाटेल, नवरा वाईट असेल. छे! बँकेतून रिटायर झालेला सज्जन माणूस. फक्त दिवसभर घरात. चहा झाला की पेपर, पेपर झाला की माझा चष्मा कुठाय, मग फोडणी करपली वाटतं. मी बाथरूममध्ये गेले तरी दारावर टकटक. कॅज्युअल्टीचं दार तेवढं असं होतं, की ते मुकाट्यानं बाहेर थांबायचे.

मग काय, जायला लागले. नणंद राहायला येणार म्हटलं की छातीत कळ. घरी पाहुण्यांची पंगत असली की दुसऱ्या दिवशी कळ. घाम येतोय, डावा हात जड झालाय, जबडा ओढतोय — काय सांगायचं ते तोंडपाठ झालं होतं. ईसीजी दर वेळी सुरेख. तिथल्या तरुण डॉक्टरांनी एकदा अगदी नम्रपणे सुचवलं, की काकूंनी हा ईसीजी फ्रेम करून हॉलमध्ये लावावा. लावते म्हटलं. लाज वाटली का? नाही वाटली, आजही वाटत नाही. खराडीला आयटीत असलेला आमचा मुलगा थकलो म्हणून महाबळेश्वरला जाऊन पडतो, त्याला कुणी लबाड म्हणतं का? खाट अडवली म्हणाल — हो, अडवली.

इथपर्यंत सगळं ताठ मानेनं सांगते. पुढचं —

त्या दुपारी मी अशीच पडले होते. डोळा लागत होता. तेवढ्यात तिथल्या वॉर्डबॉय मामांनी पडद्यातून डोकं आत घातलं. "काकू, काकांना लई घाम सुटलाय बाहेर. हात चोळत बसलेत. बघता का?"

कोणता हात, ते मी विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण विचारलं असतं तर उठावं लागलं असतं. पुन्हा तेच — ह्यांना बघा, ह्यांना पाणी द्या, ह्यांना घरी न्या. माझी दुपार होती ती!

"त्यांना घाम येतोच," मी म्हणाले. "पंख्याखाली बसवा."

मामा गेले. मी कूस बदलली.

थोड्या वेळानं बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग धावपळ. मला उठवलं आणि ह्यांना त्याच खाटेवर घेतलं, त्याच चादरीवर. ते वाचले. पण डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, हृदयाला बराच मार बसलाय. आता जिना बंद. आंघोळीला स्टूल लागतं, पाठ मी घासते.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, नशीब, हॉस्पिटलातच होतात. आणि हे माझ्याकडे बघून, डोळ्यांत पाणी आणून सांगतात, "हिच्या छातीत दुखलं म्हणून मी वाचलो." मी तेव्हा चहा गाळत असते. तपासणीला जातो तेव्हा मामा भेटतात. ह्यांची विचारपूस करतात, माझ्याकडे बघत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

त्या खाटेबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. तशी दुपार उद्या कुणी दिली, तर घेईन. पण घाम, डावा हात, जबडा — एवढं जिला तोंडपाठ, त्या बाईला ‘घाम येतोच’ म्हणताना बाहेर काय चाललंय ते कळलं नसेल, असं मात्र तुम्ही समजू नका.

मला कळलं होतं.