‘सहकार्य करत नाहीत’ असं मी लिहिलं होतं

बुकित पंजांगला एलआरटीच्या छोट्या रेल्वेतून उतरले. पर्समध्ये आमच्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेचं एक पानी निवेदन होतं. इथल्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांवर, समुद्रावर जगलेल्या त्या कुटुंबांवर उपचार करताना आमचं काय चुकलं ते मान्य करू, यापुढे त्यांचं ऐकून घेऊ, असं त्यात लिहिलं होतं. सही करताना प्रत्येकानं स्वतःची एक चूक सांगायची होती. माझी मला शोधावी लागली नाही.

वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेले एक वृद्ध गृहस्थ रुग्णालयात माझ्याकडे उपचाराला होते. दक्षिणेकडच्या लहानशा बेटावर जन्मलेले, होडीत वाढलेले. तरुणपणी बेट रिकामं करावं लागलं तेव्हा ते फ्लॅटमध्ये आले. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना पाकचिक, म्हणजे काका म्हणायची. आधाराच्या लोखंडी दांड्यांमध्ये उभं राहायला ते तयार नसत. खाली जमिनीवर बसू द्या, एवढंच सांगत. ते आमच्या पद्धतीत बसत नव्हतं. आठवड्यानं मी फाइलमध्ये लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाहीत.’ मग त्यांचे व्यायाम कमी झाले आणि लवकरच त्यांना घरी पाठवलं.

भेटायला येऊ का, असं मी आधी त्यांच्या मुलीला फोनवर विचारलं होतं.  ती म्हणाली, “या. बाबांना तुम्ही आठवता.”

 तक्रार झाली तर माझी फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी जाईल, आणि नोंदणीबरोबर इथं काम करायचा परवाना, वर्क पासही. पण खरी भीती वेगळीच होती. माझे वडील लहान असताना आमच्या वस्तीतल्या आजाऱ्यांना डॉक्टर दाराबाहेर उभं करी आणि नाडीला हात न लावता औषध देई. हे ऐकत मी वाढले. आज त्या डॉक्टरच्या जागी मी तर नव्हते?

पाकचिक भिंतीला टेकून चटईवर बसले होते. मुलगी माझ्या बोलण्याचं मलाय भाषेत भाषांतर करू लागली. मी चूक सांगितली, माफी मागितली, आणि मध्येच माझा आवाज गेला. निवेदन पर्समधून काढवलंच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग काहीतरी बोलले. 

“बाबा विचारतायत, तुम्हाला भीती वाटतेय का?”

“हो,” मी म्हटलं.

ते पुन्हा बोलले. मुलीनं सांगितलं, “मलाही वाटत होती. त्या दांड्यांमध्ये उभं केलं की पायाखाली काहीच नाही असं वाटायचं. पण तुम्ही विचारलं नाहीत.”

मी खाली बसले. हात हातात घेऊ का, असं विचारलं. त्यांनी डावा, धड हात पुढे केला. उजवा मांडीवरच राहिला. निघताना म्हणाले, मंगळवारी या.

संघटनेच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. फाइलमधलं वाक्य खोडता येत नाही. रुग्णालयातल्या आमच्या वरिष्ठांनी त्याखाली माझ्याकडून दुरुस्ती लिहून घेतली. ‘पेशंट घाबरले होते. मी विचारलं नाही.’

तिसऱ्या मंगळवारी, चटईवरच व्यायाम घेताना, त्यांनी उजवा हात माझ्या हातात दिला. आता ते आधारानं जमिनीवरून उठतात. मला मात्र त्यांच्या दाराशी पोचल्यावर अजूनही धडधडतं.