वारादीबाईंची हजेरी

मानोऱ्याजवळच्या पाझर तलावाच्या कामावर त्या जीपमधून उतरल्या तेव्हा मी मस्टर भरत होतो. कोणीही आलं की आधी नोंद, ही माझी शिस्त. मी इंग्रजीत नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "वारादी."

मातीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या बायांत हशा पिकला. तांड्यावरची गंगू ओरडली, "अवं, गोरी बाई म्हन्ते मी वऱ्हाडी हाओ! मंग उचल म्हना टोपलं!"

वाराद गावचे म्हणून वारादी, हे त्यांचं हंगेरीतलं आडनाव. नाव इल्का. तिकडेही आपल्या मस्टरसारखं आडनाव आधी लिहितात. "बाहेर सगळे माझं नाव उलटं करतात. तुम्ही सरळ लिहिलंत," त्या म्हणाल्या. सीमा बदलून ते वाराद आता दुसऱ्या देशात गेलं होतं. गंगूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "गाव कसं जाईन? मानसं जातेत."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सगळेच थकलेले, बाई तर येतानाच थकून आल्यासारख्या. वयानं माझ्याएवढ्या. कविता आपल्या भाषेत करायच्या, पोट परक्या भाषेतल्या वर्तमानपत्रावर भरायचं. दुष्काळावर लिहायला आल्या आणि तीन आठवडे राहिल्या. बायांकडून 'कायले' हा शब्द शिकल्या आणि तो माझ्यावरच चालवू लागल्या. "हे कायले लिहिता? ते कायले खोडता?" माझ्याकडे उत्तरं असायची. कामावरच्यांची यादी, पाणी आणणाऱ्यांची यादी, काम मागणाऱ्यांची वेगळी यादी.

एकदा मस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमचं अक्षर सुंदर आहे. आम्हाला गाडीत चढवताना नावं लिहिणाऱ्या कारकुनाचंही असंच होतं."

टोमणा नव्हता. तरी मी मस्टर मिटलं.

पुढचं त्यांनीच सांगितलं, एखादी बातमी सांगावी तसं. त्या ज्यू. एकोणिसाव्या वर्षी घरच्या सगळ्यांबरोबर हिटलरच्या छावणीत नेलं. शेवटी त्या आणि धाकटी बहीण, दोघीच उरल्या. तिथे नावं संपली, नंबर सुरू झाले. बहिणीला ताप आला, तिला दुसऱ्या बराकीत नेलं. एका सकाळच्या हजेरीत तिचा नंबर पुकारला गेला नाही. "कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. विचारणारी उद्या राहत नसे."

त्याच आठवड्यात गंगू तापानं पडली. तीन दिवस गैरहजर तर नाव कमी करायचं, असा आमच्या कामावरचा नियम. नाव गेलं की काम गेलं, आणि कामावर तिच्या पोरांना खायला मिळणारी सुकडीही. चौथ्या सकाळी मी लाल पेन्सिल काढली.

"कायले?" बाईंनी विचारलं.

"नियम आहे. खोटं 'हजर' लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"खोटं लिहू नका. गैरहजर लिहा. पण हाक मारा."

हे सोपं नव्हतं. काम मागणाऱ्यांच्या यादीतली पहिली बाई रोज बांधाशी बसून माझ्या पेन्सिलीकडे पाहत असे. एक नाव खोडलं की तिला काम; तिचंही खरं होतं. पण मी पेन्सिल ठेवली. रोज पुकारायचो, "राठोड गंगू." मी 'गैरहजर' लिहायचो. तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, "हे नाव अजून कसं?" मी म्हणालो, "आजारी आहे, येणार आहे." येणार की नाही, मला माहीत नव्हतं. साहेबानं माझ्याकडे खुलासा मागितला. मी तो लिहून दिला.

नवव्या दिवशी गंगू काठी टेकत आली आणि म्हणाली, "हजर." आवाज निम्मा झाला होता.

मी म्हणालो, "बाईंनी तुझं नाव ठेवलं, गंगू."

"कायले नावं ठेवते ते? म्या काय केलं तिचं?"

बाया पोट धरून हसल्या. मी तो अर्थ इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला; काही जमलं नाही. बाई तरीही हसल्या. दुपारी पाहिलं तर बांधाशी बसणारी बाई उठून गेली होती. नंतर ती आलीच नाही.

बाई निघाल्या तेव्हा शेलूबाजारपर्यंत मी पोचवायला गेलो. एसटीला वेळ होता. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "बहिणीचं नाव लिहाल? तुमच्या लिपीत. आडनाव आधी."

मी सावकाश लिहिलं: वारादी एवा.

"आता वाचा. कामावर वाचता तसं, मोठ्यानं."

स्टँडवर माणसं होती, मला संकोच वाटला. तरी वाचलं. हजेरीत नाव पुकारलं की उत्तरासाठी क्षणभर थांबायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. मी थांबलो. त्याही थांबल्या.

मग एसटी आली.